खोगिराखालचा शिनेमा

आमचे साडू बंकटराव शिनेमा बघायचे तो खोगिराच्या खालचा. खोगिराच्या वर कोण बसलंय, त्याच्या कमरेला तलवार आहे की लाटणं, तो राजकन्येला सोडवायला निघालाय की पळवायला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. तंबूत सगळी माणसं मान वर करून बघायची आणि हे मान तिरकी करून घोड्याचे पाय बघायचे. मध्येच मोठ्यानं म्हणायचे, "नाल ढिला झालाय." पुढं बसलेला माणूस दचकून स्वतःचं पायताण चाचपायचा.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. भाऊ असता तर भांडून वेगळा निघालो असतो, दोस्त असता तर बोलणं टाकलं असतं. साडूचं काहीच करता येत नाही. सासऱ्याच्या पंगतीत तो शेजारी बसतो आणि त्याच्या पोळीवर तूप किती पडलं ते दिसत राहतं. बंकटरावांच्या पोळीवर जास्त पडायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघांना चांदीचे दिवे दिले, त्यातही त्यांचा जड होता. माझी बायको म्हणते सारखेच होते. ती थोरल्या बहिणीला अक्का आणि त्यांना दाजी म्हणायची, वयानं मोठे म्हणून मीही दाजीच म्हणायचो, पण खुशीनं कधी म्हटलं नाही.

आम्ही दोघंही उमापूरचे. माझं कापडाचं दुकान, त्यांची शेती. घरात माझ्या हातून जरा काही इकडंतिकडं झालं की बायकोचं सुरू व्हायचं. दाजी अक्काला विचारल्याबिगर बाजारला जात न्हाईत. दाजी अक्काचं डोकं दुखलं तर स्वतः भाकरी थापत्यात. भाकरी थापणाऱ्या माणसाचं कौतुक ऐकत भाकरी खाणं फार अवघड असतं. ती गळ्याखाली उतरत नाही.

दाजींचं एक पालुपद होतं, "आपल्याला काय करायचंय." हे म्हटलं की समजायचं, आता हा माणूस दुसऱ्याच्या भानगडीत गळ्यापर्यंत बुडणार. माझ्या दुकानापुढं कुणी घोडं बांधलं की दाजी हजर. "आपल्याला काय करायचंय, पण दमलेल्या जनावराला लगेच पाणी पाजू न्हाई बे." मग त्या घोडेवाल्याचं आणि त्यांचं जुंपायचं आणि माझं गिऱ्हाईक कापड सोडून भांडण बघायला बाहेर जायचं.

आणि गंमत अशी, की एवढा घोड्यांचा शौक असलेल्या माणसाच्या दारात घोडं नव्हतं. पूर्वी होतं. चिमी नावाची घोडी होती. जन्मली त्याच दिवशी तिची आई मेली. शिंगरू हाती लागतं की जातं अशी गत होती. अक्कानं शेळीचं दूध फडक्याच्या बोळ्यानं पाजून तिला जगवलं. अक्काला मूलबाळ नव्हतं. तिनं त्या शिंगराला मांडीवर घेतलेलं मी बघितलंय, आणि शिंगरू मांडीत मावेना तेव्हा त्याचं डोकं तेवढं घेतलेलंही बघितलंय. घोडी मोठी झाली ती बघण्यासारखी झाली. अंग काळंभोर, चारी पाय पांढरे, कपाळावरून पांढरा पट्टा निघून खाली डाव्या नाकपुडीवर वळलेला. अक्का म्हणायची, टिळा लावताना देवाचा हात हलला.

मग जहागीरदाराच्या पोराचा गावावरून शिकारीला जाताना मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस दाजींच्या दारात आला आणि म्हणाला, "साब कू घोडी पसंद आई." निजामाच्या राज्यात एवढं बोलणं पुरे व्हायचं. पसंत पडली म्हणजे नजराणा म्हणून दिली, दिली म्हणजे गेली. वर्षाच्या आत त्या पोराचं घोडीवरून मन उडालं आणि चिमी मुंबईकडच्या कुणाला तरी विकली, एवढं त्याच्या घोडी राखणाऱ्या मोतद्दाराकडून कळलं. तेव्हापासून अक्काच्या दारात बांगडीवाला येवो, गोसावी येवो, ती आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, "काळी घोडी बघितली का कुठं? डावीकडं पट्टा हाय."

आता शिनेमाकडं येतो. नारायणगडाच्या जत्रेत तंबू लागला होता. मुका शिनेमा, पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून कोण काय म्हणतंय ते ओरडून सांगायचा. मी आणि दाजी गेलतो. एक तुरेवाला राजपुत्र, मागं दुष्मनाची फौज, आणि त्याच्या बुडाखाली काळी घोडी. दाजी ताडकन उभे राहिले. "चिमे!" म्हणून त्यांनी अशी हाक मारली, की ओरडणारा माणूस आपलं ओरडणं विसरला. मला तर पट्टाबिट्टा दिसला नव्हता, मी राजकन्येकडं बघत होतो. पण दाजींना खात्रीच पटली. शेवटी फौजेनं राजपुत्राला किल्ल्याच्या तटावर कोंडलं, त्यानं घोडीसकट खाली नदीत उडी टाकली, घोडी हवेत, आणि पडद्यावर अक्षरं आली. ओरडणाऱ्यानं सांगितलं, पुढचा भाग लवकरच.

लवकरच म्हणजे किती, हे त्यानं सांगितलं नाही. दाजींनी त्याचा सदरा धरून विचारलं तरी सांगितलं नाही.

घरी आल्यावर अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाचली का?" मी समजावलं, अक्का, ती खोटी उडी असती, शिनेमात तसंच असतं. अक्का म्हणाली, "घोडी खरी हाय न्हवं?" तिला तंबूकडं न्यावं म्हटलं तर तोवर जत्रा उठली होती.

पुढची दोन वर्षं गावात दुसरा विषय नव्हता. दाजी एकदम मोठे माणूस झाले. त्यांची घोडी शिनेमात गेली. लोक माझ्या दुकानात येऊन चिमीची चौकशी करायचे आणि कापड न घेता जायचे. माझा असा जळफळाट व्हायचा की विचारू नका. माझं दुकान तीन पिढ्यांचं, त्याची कुणी चौकशी करीना. आणि दाजी? ते त्या तुरेवाल्यावर जळायचे. कुणी राजपुत्राचं कौतुक केलं की यांचं तोंड वाकडं. "आपल्याला काय करायचंय, पण त्याला बसता येत न्हाई. टाच मारतो मेला. चिमीला टाच मारायला लागत न्हाई, नुस्तं जिभेनं टक केलं की निघती." कुणी म्हणालं, दाजी, पण त्यानं जीव धोक्यात घालून उडी टाकली. दाजी म्हणाले, "त्यानं न्हाई टाकली. चिमीनं टाकली. तो वर बसलाता."

शेवटी गेवराईच्या बाजारातून खबर आली, तंबू लागलाय, दुसरा भाग आलाय. अक्का निघायला तयार झाली. दाजी म्हणाले, आधी मी बघून येतो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाव्हणं, पहिल्याच चित्रात मेली असंल तर हिला कावून दाखवायचं?" मग आम्ही दोघंच गाडी जुंपून गेलो.

घोडी मेली नव्हती. नदीतून बाहेर आली, अंग झाडलं, राजपुत्रानं तिला हातानं गूळ चारला. तंबूत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी नाही वाजवल्या. आणि पुढं त्या शिनेमानं काय करावं? राजपुत्राला मोटार दिली. निम्म्या खेळात तो मोटारीत बसून धुरळा उडवत फिरला आणि घोडी एका ढेरपोट्या नोकराकडं, हसवायला. दाजींनी उभं राहून तुरेवाल्याचा उद्धार केला. नवं खेळणं मिळालं की जुनी नोकराला, गूळ चारून गळा कापला, वगैरे. माणसं पडदा सोडून यांच्याकडं बघून हसत होती. खरं सांगतो, मला आतून गार वाटलं. दोन वर्षांची हवा निघून गेली. सासऱ्यांना हे कधी सांगतो असं मला झालं.

परतीच्या वाटेवर मात्र दाजी तुरेवाल्याला शिव्याही देईनात. घरी अक्का दारातच उभी. "वाचली का?"

"वाचली."

"आपलीच हाय न्हवं?"

दाजींनी बैल सोडले, दावं बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "तूच चल. तूच बघ."

मी म्हटलं, दाजी, आज जे पडद्यावर होतं तेच उद्या असणार. मोटार काय घोडी होणार न्हाई. ते म्हणाले, "माहीत हाय की. आज मी लई मागाय गेलतो. उद्या थोडंच मागायचं. तेवढं मिळतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. माझी बायकोही निघाली, कारण दाजी अक्काला शिनेमाला नेतात आणि मी तिला कुठंच नेत नाही. तंबूत चांगल्या घरच्या बायकांसाठी पुढं एका बाजूला कनात लावून जागा केली होती, सतरंजी अंथरलेली. आणि एक जागा होती पडद्याच्या मागं. गरीबगुरीब तिथं मातीत बसायचे. पाणी मारून ओल्या केलेल्या पडद्यातून चित्र आरपार दिसायचं, पण सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. दाजींनी काय करावं? दोघींना पडद्याच्या मागं नेऊन बसवलं. तंबूवाला म्हणाला, अहो, मालकीणबाईंना मातीत कशाला, कनातीत जागा हाय. दाजी म्हणाले, "मागंच बरंय."

माझी बायको धुसफुसत मातीत बसली. माझा मात्र आनंद पोटात मावेना. शेवटी सापडला. दाजी अमुक करतात, दाजी तमुक करतात, आणि बायकोला चार दिडक्यांसाठी मातीत बसवतात. हे पुढची वीस वर्षं मला पुरलं असतं.

खेळ सुरू झाला. आम्ही पुढच्या बाजूला. घोडी नदीतून बाहेर आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खोगिराच्या वर न बघता घोडीकडं नीट बघितलं. दाजींना अजून कशात पकडता येतं का, एवढाच माझा हेतू. राजपुत्र गूळ चारू लागला, घोडीचं तोंड पडदाभर झालं. काळं तोंड, पांढरा पट्टा, कपाळावरून निघालेला आणि खाली वळलेला. उजव्या नाकपुडीवर.

मी दाजींना कोपरानं ढोसलं. "दाजी, ही चिमी न्हाई. चिमीचा पट्टा डावीकडं होता."

"हळू बोला," दाजी म्हणाले. ते पडद्याकडंच बघत होते. "काल बघितल्याबरुबरच कळलं मला. ह्या भागाला दुसरी घोडी घेतलीय त्यांनी."

"मग अक्काला कशाला आणलंत? तिला काय कळणार न्हाई?"

"मागनं बघितलं की डावीकडंच दिसतो," दाजी म्हणाले. "म्हणून तर मागं बसवली."

पडद्यावर मोटार आली, धुरळा उडाला, माणसं हसली. मला काही दिसेना. तुपाचा हेवा केला, दिव्याचा केला, घोडीचा केला, पण त्या तंबूत बसून ह्या माणसाचा जसा हेवा वाटला तसा कधी वाटला नव्हता. मला असं काही सुचलं नसतं. माझी बायको तिकडं मातीत बसलेली होती आणि तिला काय बघायचंय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

खेळ संपल्यावर दोघी पडद्यामागून बाहेर आल्या. अक्का पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. एवढं हसताना मी तिला चिमी गेल्यापासून बघितलं नव्हतं. "अंगानं भरलीय," ती म्हणाली. "आयाळ रोज विंचरत्यात कुणीतरी. मोटार घेतली ते बरं झालं, तिला आता धावावं तरी लागत न्हाई."

"व्हय," दाजी म्हणाले.

गाडीत चढता चढता अक्का थांबली. तिचं तोंड जरा बारीक झालं. "पण तुमी म्हणायचा ते खरं हाय. त्या तुरेवाल्याला रीत न्हाई. गूळ डाव्या हातानं चारतोय तिला."

दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग अक्काला हात देऊन वर घेतलं आणि म्हणाले, "डावखुरा असंल गं बिचारा. जीव लई लावतो तिला."