मगदूमांच्या पाळीतली रेघ

सोमवारी सकाळी सव्वानऊला दूध संघातली तापमानाची रेघ संगणकाच्या पडद्यावर मधोमध थांबली, आणि का थांबलीस म्हणून विचारल्यावर तिने सांगितलं, की पुढचं आधीच लिहून झालंय.

तक्रार कोल्हापूरच्या दुरुस्ती कार्यालयात गेली आणि दुपारी एकला नीलिमा शेडबाळे पिशवी घेऊन हजर झाली. थांबलेल्या रेघा चालू करणं हेच तिचं काम. दूध बहात्तर अंशांवर तापलं याचा पुरावा म्हणजे ही रेघ. ती नसेल तर दूध गेटबाहेर सोडायचं नाही, हा नियम. चौदा हजार लिटर टाकीत खोळंबलं होतं. प्लँटचे प्रमुख खोतसाहेब सांगून गेले होते, "चारपर्यंत रेघ हलली नाही तर दूध गटारात आणि मेमो मगदूमांना."

मगदूम म्हणजे त्या पाळीचे ऑपरेटर. एकतीस वर्षांत एक मेमो नाही, आणि येत्या शनिवारी निवृत्ती. टोपी हातात फिरवत ते कोपऱ्यात उभे होते. मनातून पार घाबरले होते.

नीलिमाने शिस्तीत सुरुवात केली. संगणक बंद करून चालू केला. रेघ परत आली आणि सव्वानऊलाच उभी राहिली. घड्याळ तपासलं, ते बरोबर होतं. सेन्सरची वायर काढून पुन्हा लावली.

"गुदगुल्या होतात," रेघ म्हणाली.

"डिस्कवर जागा नाही का?"

"भरपूर आहे."

"मग घोडं अडलंय कुठं?"

"तापमान येतंय मला. पण नोंदवहीत पुढचं लिहिलंय. तेच मी परत कशाला काढू?"

आता नीलिमाला राहवेना. बाकीच्या रेघा 'नेटवर्क' एवढंच सांगून मोकळ्या व्हायच्या. ही नीट कारण देत होती. तिने नोंदवही उघडली. दर अर्ध्या तासाला बहात्तर पॉइंट पाच, सुवाच्य अक्षरात, संध्याकाळी सहापर्यंत. पान उलटलं तर मंगळवार. मग बुधवार. शेवटी शनिवार सहा वाजता, खाली सही.

"मगदूमकाका, शनिवार अजून यायचाय."

"व्हय ताई." मगदूम खाली बघत म्हणाले. "बहात्तरच येतंय की रोज. आज सकाळीच आख्खा आठवडा लिहून टाकला मी. जाताना मागं काही राहायला नको."

"माझ्याकडं बघून किती वर्षं झाली यांना," रेघ म्हणाली. ती चिडली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं.

उपाय सरळ होता, पुढचं सगळं खोडायचं. पण नोंदवहीत खाडाखोड करायची तर प्रत्येक आकड्याशेजारी प्रमुखांची सही लागते. खोतसाहेब पेन घेऊन बसले. सह्या करता करता साडेतीन वाजले आणि त्यांचा अंगठा दुखायला लागला.

मगदूमांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पडद्यासमोर बसले. रेघेने सकाळपासूनचं राहिलेलं आधी भराभर काढून दिलं, ते तिला पाठच होतं. मग ती सावकाश पुढे निघाली. बहात्तर पॉइंट चार. बहात्तर पॉइंट सहा.

"बघताय ना?"

"बघतोय."

चारला पाच मिनिटं कमी असताना ती सत्तरावर उतरली. कच्चं राहिलेलं दूध पुन्हा तापायला आपोआप मागं वळलं. मगदूम उठले, वाफेचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडला आणि परत येऊन बसले. रेघ वर चढली.

"असं करतीस होय तू," ते म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

चारच्या ठोक्याला टँकर गेटबाहेर पडला. नीलिमाने अहवाल भरला. बिघाडाच्या कारणापुढे लिहिलं, 'रेघेला कुतूहल उरलं नव्हतं.' खोतसाहेबांनी तो वाचला आणि दुसऱ्या हाताने सही केली. मेमोचं नाव निघालं नाही.

शनिवारी संध्याकाळी नीलिमा कोल्हापुरात, आपल्या टेबलावर, उगीचच ती रेघ उघडून बसली होती. आठवडाभर रेघ एकदाही अडली नव्हती. सहाच्या ठोक्याला ती थांबली.

"आता काय झालं?" नीलिमाने विचारलं.

"मगदूम डबा घेऊन निघालेत," रेघ म्हणाली. "गेटपर्यंत पोचू देत."

नीलिमाने तक्रार नोंदवली नाही. सहा वाजून चार मिनिटांनी रेघ पुढे सरकली, बहात्तर पॉइंट तीनवर.