होल्डवरची वटवाघळं

आमच्या मोशीच्या सोसायटीतले लामतुरेकाका वांग्यालासुद्धा टॅग लावतात. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर माल तपासला. हिरवा टॅग म्हणजे पास, लाल म्हणजे बाद आणि पिवळा म्हणजे ‘होल्ड’, निर्णय होईपर्यंत हात लावायचा नाही. निवृत्तीनंतर उरलेले टॅग त्यांनी आमच्यावर संपवायला घेतले. माझ्या मेहुण्याला बघून त्यांनी ‘होल्डवर ठेवा’ असं सुचवलं होतं. तो अजून तिथंच आहे.

मागच्या भिंतीलगतच्या उंबरावर वटवाघळं लटकतात आणि गच्चीवरच्या टाकीखाली एक उदमांजर राहतं. काकांनी दोघांची रीतसर तपासणी केली. उदमांजर एकटं राहतं, गुपचूप येतं-जातं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तेव्हा पास. वटवाघळं उलटी टांगलेली, म्हणजे जोडणीतच चूक. वर कलकलाट आणि खाली गाड्यांवर घाण. बाद.

त्यामुळे उंबराच्या फांद्या छाटायचा ठराव झाला तेव्हा काका आपल्या बाजूने असणार, हे मी सेक्रेटरी या नात्याने गृहीतच धरलं. ठरल्या दिवशी छाटणारा आला आणि दहा मिनिटांत परत निघाला. मी त्याला फाटकाशी गाठलं.

“झाडाला होल्डचा टॅग हाय, राव,” तो म्हणाला. “मी पाच वर्षं कंपनीत काढल्यात. इन्स्पेक्टरनं सोडल्याबिगर मालाला हात न्हाई लावायचा.”

मी तणतणतच काकांकडे गेलो. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. चहा गाळत होते. वटवाघळं बाद हा तुमचाच निकाल ना, असं मी विचारलं.

“निकाल चुकला,” काका म्हणाले. त्यांच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

“रोज पहाटे बघायलोय मी. एखादं उशिरा येतंय. बाकीची कुरकुर करतेत, पण सरकून जागा देतेत बघा. उदमांजराला उशीर झाला तर कोण वाट बघतंय?”

तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही. मला स्वतःची लाज वाटली. आज जेवायला आमच्याकडे या, म्हटलं.

“दवाखान्यात जायचंय. यायला उशीर होईल मला.”

“होऊ द्या,” मी म्हणालो. “आम्ही थांबतो.”