सोहोनीकाकांची तारीख

समझोत्याची तारीख असली की सोहोनीकाका सकाळी सातलाच जिन्याखाली येऊन उभे राहत. कोर्ट उघडायचं दहाला. मी गाडीची किल्ली घेऊन उतरले की म्हणत, "चलो, आज मिटवूनच टाकू. बिल्कुल!"

गेलं वर्षभर ते दर महिन्याला मिटवून टाकत होते.

काका दिल्लीत पटपडगंजला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. सरकारी खात्यात दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, वरच्या मजल्यावरची भाडेकरू. काकांचं घर त्यांच्या वडिलांचं. आई गेल्यावर त्याच घरावरून धाकट्या बहिणीशी, सुधाताईंशी, बिनसलं. पानिपतला राहणाऱ्या सुधाताईंनी अर्ध्या हिश्शाचा दावा लावला आणि बोलणं बंद झालं. पुढे न्यायाधीशांनी विचारलं, आपसात मिटवून बघता का? दोघंही लगेच हो म्हणाले.

मग कोर्टातल्याच मध्यस्थी केंद्रात, एका गोल टेबलाभोवती, मल्होत्रा मॅडमसमोर बैठका सुरू झाल्या. काकांना कमी ऐकू येतं म्हणून मलाही आत बसू देत. सक्ती कुणावरच नव्हती. पटलं तर सही करायची, नाहीतर उठून जायचं. काका सहीही करत नसत आणि उठतही नसत.

"सगळं मान्य आहे. फक्त एक मुद्दा राहिला," असं म्हणून ते चष्मा पुसायला घेत. एकदा वडिलांच्या नावातलं टिंब सुटलेलं. एकदा बाल्कनीला खोली म्हणायचं की नाही, यावर दीड तास. पुढच्या महिन्यात काकांनीच घातलेला स्वल्पविराम काकांनाच खटकला. मल्होत्रा मॅडम पेन खाली ठेवून छताकडे बघत बसत.

सुधाताईंना ते नावाने हाक मारत नसत. त्या म्हणजे "विरोधी पक्ष". पण चहा सांगताना "विरोधी पक्ष की बिना चीनी" हे न विसरता सांगत. "पंखा कमी करा, विरोधी पक्षाला सर्दी होते," हेही तेच सांगत.

बाल्कनीवरून तर विषय फारच लांब गेला.

"त्या बाल्कनीतली आईची तुळस कुणी फोडली होती?" काका एकदम मराठीत गरजले.

"दादा, बॅट तुझ्या हातात होती!"

"आणि बॉल कुणी टाकला?"

मल्होत्रा मॅडमनी हळूच विचारलं, "ये रिकॉर्ड पर लेना है क्या?"

"नहीं नहीं, ये घर की बात है," दोघं एका सुरात म्हणाले. त्या दिवशी सुधाताईंना इतकं हसू आलं की काकांना पाण्याचा ग्लास पुढे करावा लागला. परतताना काका गाडीत गुणगुणत होते.

मागच्या तारखेला सुधाताई काठी टेकत आल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मॅडम, हिस्सा छोड़ रही हूँ। घर भाई का।" मग काकांकडे वळून म्हणाल्या, "दादा, मुलगी बंगळुरूला बोलावतेय. पुढच्या महिन्यात कायमची जातेय. गुडघ्यांनी आता या तारखा होत नाहीत रे."

काकांनी चष्मा काढला. पुसला. कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"अरे, तूच जिंकलास," त्या म्हणाल्या. "कर ना सही."

काकांनी सही केली. मल्होत्रा मॅडमनी दोघांचं अभिनंदन केलं. बाहेर सुधाताईंना न्यायला जावई आला होता. काकांनी त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं आणि त्या बसल्यावर नीट लावून घेतलं.

परतताना पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये मी म्हटलं, "काका, अजून महिना आहे. रविवारी मी तुम्हाला पानिपतला घेऊन जाते. दोन तासांचा तर रस्ता."

"जाऊन काय सांगू?"

"काही नाही. भेटायला आलो म्हणायचं."

"तसा कधी गेलो नाही गं. नुसतं कसं जायचं?"

रविवारी मी त्यांचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "आज राहू दे." पुढच्या रविवारी तेवढाही आवाज आला नाही. फक्त रेडिओ चालू होता.

तिसऱ्या रविवारी दार उघडंच होतं. काका चपला घालून पलंगाच्या कडेला बसले होते. शेजारी पिशवीत बिनसाखरेच्या बिस्किटांचे दोन पुडे.

"निघू या?" मी विचारलं. मला खरंच आनंद झाला होता.

"जावयाचा फोन आला होता आत्ता," काका म्हणाले. "ती परवाच बंगळुरूला गेली."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी वाकून एकेक चप्पल काढली.