लिंबोणीबाई घर बघायला येतात

झाड लावायचं म्हटलं की ते झाड आधी घर बघायला येतं, हे बार्शीत सगळ्यांना माहीत आहे. दिगंबर हेंद्रे यांनाही माहीत होतं. फक्त आजवर त्या भानगडीत ते स्वतः कधी पडले नव्हते. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारच्या वतीनं लोकांच्या जमिनी मोजल्या. सात गावांत बदल्या झाल्या, सात क्वार्टर्समध्ये राहणं झालं आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या बायकोनं, शालनबाईंनी, बाग केली. झाडं घर बघायला यायची तेव्हा हेंद्रे कुणाच्या तरी बांधावर साखळी धरून उभे असायचे.

आता ते निवृत्त झाले होते. बार्शीत स्वतःचं घर झालं होतं आणि घरामागे तीस बाय चाळीस फुटांची मोकळी जागा होती. शालनबाईंचे गुडघे मात्र मधल्या काळात दोन्ही गेले होते. त्या हातात काठी घेऊन स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत जायच्या आणि तिथून परत यायच्या. मागचं दार त्यांनी महिनाभर उघडलं नव्हतं.

"या खेपेला बाग मी करतो," हेंद्रे म्हणाले.

"करा," शालनबाई म्हणाल्या. त्यांनी मटार सोलणं थांबवलं नाही.

हेंद्रेंनी ड्रॉइंगशीटवर नकाशा काढला. मधोमध चौकोनी हिरवळ, चारी भिंतींना लागून झाडांच्या सरळ रांगा, दोन झाडांत अडीच फूट. नकाशा इतका देखणा झाला की त्यांनी खाली सहीसुद्धा केली. मग ते सगीर बागवानांच्या नर्सरीत गेले आणि अर्ज देऊन आले.

रविवारी सकाळी नऊ वाजता सगीरभाईंचा तीनचाकी टेम्पो दारात थांबला. मागे तिघं होते. एक तीन वर्षांची लिंबोणी, एक कढीपत्ता आणि एक जुई. सगीरभाईंनी त्यांच्या पिशव्या उचलून मागच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. शालनबाईंनी सगीरभाईंना चहा दिला आणि तिघांना तांब्यातून थोडं थोडं पाणी.

लिंबोणीबाई पाहणी समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"रेघा सरळ आहेत," त्या म्हणाल्या.

"आभारी आहे."

"ऊन किती वाजता येतं?"

हेंद्रेंनी वर पाहिलं. "सकाळी."

"कुठल्या कोपऱ्यात आधी? दुपारी तीनला सावली कुणाची पडते? थंडीत किती सरकते?"

हेंद्रेंनी अख्खे तालुके मोजले होते. ऊन मोजायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"नळ कुठे आहे?" कढीपत्त्यानं विचारलं. तो सचिव होता.

"पुढच्या अंगणात."

"म्हणजे तुम्ही घराला वळसा घालून रोज वीस बादल्या आणणार."

"आणीन की."

"आठवडाभर आणाल," कढीपत्ता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

जुईनं एकच प्रश्न विचारला. "तुम्ही बसणार कुठे?"

हेंद्रेंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. बसायला जागा नव्हती. चालायलाही नव्हती. अर्ज तीन शेऱ्यांसह परत आला. दुसरी पाहणी पंधरा दिवसांनी.

"मनाला लावून घेऊ नका, साहेब," टेम्पो सुरू करताना सगीरभाई म्हणाले. "बँकेच्या मॅनेजरसाहेबांना पाच वेळा परत पाठवलंय यांनी."

दुसऱ्या दिवसापासून हेंद्रे दर तासाला पांढरी फक्की घेऊन मागे जाऊ लागले. जिथे सावली संपते तिथे रेघ ओढायची, बाजूला वेळ लिहायची. संध्याकाळपर्यंत जागेवर इतक्या रेघा झाल्या की शेजारच्या गाडेकरांना वाटलं, हेंद्रे कबड्डीचं मैदान आखतायत. पूर्वेच्या बाजूला सकाळी सातपासून लख्ख ऊन होतं. पश्चिमेला गाडेकरांच्या दुमजली घराची सावली तीनलाच येऊन पडायची. उत्तरेच्या भिंतीजवळ काही उंच वाढलं तरी त्याची सावली बाकीच्यांवर फारशी पडणार नव्हती. हे सगळं आपल्या घरामागे रोज घडत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, याचं त्यांना नवल वाटलं.

चौथ्या दिवशी मागचं दार उघडलं. शालनबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"अहो, इकडे या जरा."

त्यांनी हेंद्रेंना स्वयंपाकघरात नेऊन खिडकीसमोर उभं केलं.

"काय दिसतं?"

"भिंत."

"मी दिवसातून चाळीस वेळा इथे उभी असते. इथून काय दिसायला हवं ते आधी ठरवा. बाकीचं मागाहून."

हेंद्रेंनी वही काढली. शालनबाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. कढीपत्ता दारापासून चार पावलांवर हवा, फोडणी टाकल्यावर धावत जावं लागू नये. कोथिंबीर आणि पुदिना गाडेकरांच्या सावलीत, म्हणजे चैत्रातल्या उन्हात करपणार नाहीत. हिरवळ नको, बार्शीच्या पाण्यात ती जगवायची म्हणजे तिचीच चाकरी.

"आणि वाट?" हेंद्रेंनी विचारलं.

काठी टेकत शालनबाई पायरी उतरल्या आणि चालायला लागल्या. मधेच वळल्या, पश्चिमेच्या कोपऱ्यात थोडं थांबल्या, परत आल्या. हेंद्रे त्यांच्या मागून फक्की टाकत गेले. ती रेघ कुठेच सरळ नव्हती. त्यांनी ती तशीच ठेवली आणि चार फूट रुंद वाट धरली, काठीसकट माणूस वळू शकेल इतकी. पायरी काढून तिथे उतार केला. प्लंबरला बोलावून नळ मागे घेतला. भाजीसाठी विटांचे कमरेएवढे उंच ओटे बांधले, अडीच फूट रुंद, उभ्यानं हात पलीकडे पोचेल असे. त्यांत पालापाचोळा, शेणखत आणि माती भरली. कोपऱ्यात दोघांपुरता कट्टा केला.

दुसऱ्या पाहणीला लिंबोणीबाई वाटेच्या तोंडाशी बराच वेळ थांबल्या. सगीरभाईंनी त्यांना उचलून सगळीकडे फिरवून आणलं.

"ही वाट कुणी आखली?"

"हिनं," हेंद्रे म्हणाले.

"मोजली?"

"चालली."

लिंबोणीबाईंनी पानं हलवली. तेवढ्यात कढीपत्त्यानं घसा साफ केला. "एक बाब राहिली आहे. पूर्वीचं रेकॉर्ड."

रेकॉर्डमध्ये सात गावं होती. करमाळ्याच्या क्वार्टरमधली जास्वंद, परांड्याचा मोगरा, माढ्याचं सीताफळ. सगळ्यांचे जबाब आले होते आणि सगळ्यांत एकच गोष्ट होती. बाईंनी जीव लावला. मग एक दिवस ट्रक आला, सामान गेलं, कुंड्यासुद्धा मागे राहिल्या.

"कुंड्या का नेल्या नाहीत?"

"ट्रकमध्ये जागा..." हेंद्रेंनी सुरुवात केली आणि ते थांबले. बत्तीस वर्षं ते हेच उत्तर देत आले होते. शालनबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "जागा होती," हेंद्रे म्हणाले. "माझ्या पेट्या कमी केल्या असत्या तर नक्की होती. मला वाटायचं, नव्या गावात ही नवी झाडं लावेलच. माझं काम सोपं व्हायचं. तिचं होत होतं का, ते मी कधी विचारलं नाही."

सगीरभाई चहाच्या रिकाम्या कपात बघू लागले.

"जागा होती हे मला माहीत होतं," शालनबाई म्हणाल्या. "दर वेळी मी ट्रकमध्ये डोकावून बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

हेंद्रेंनी उगाच भाजीच्या ओट्यावरची माती हातानं सारखी केली. शालनबाईंनी थोडा वेळ ते पाहिलं आणि मग त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. "बास. ढेकळं फोडा आधी, वरनं नुसतं थापटून काय होतंय."

"जबाब नोंदवला," कढीपत्ता हळू आवाजात म्हणाला. "आता बदलीची शक्यता?"

हेंद्रेंनी निवृत्तीचा आदेश आणून दाखवला. कढीपत्त्याला तो पुरेसा वाटेना. राहणाऱ्यानं स्वतः हमी द्यावी असा नियम होता.

"मी देते," शालनबाई म्हणाल्या. "माझे गुडघे बघा. मी आता कुठे पळून जाणार?"

जुई हसली. तिला हसताना सगीरभाईंनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं. मग लिंबोणीबाई हसल्या आणि पाहणी तिथेच संपली. एकमतानं मंजूर. लिंबोणीबाईंनी पूर्वेची जागा मागून घेतली, भिंतीपासून सहा फूट लांब, कारण आज लहान दिसत असले तरी पुढचा विचार करायला हवा असं त्यांचं म्हणणं होतं. जुईनं खिडकीसमोरची भिंत घेतली. शेवगा शालनबाईंच्या आवडीचा असूनही त्याचा अर्ज नामंजूर झाला, एवढ्या जागेत त्यानं कुणालाच ऊन ठेवलं नसतं. ती भरपाई गाडेकरांनी केली. त्यांच्या शेवग्याची एक फांदी यांच्या बाजूला आली तर दोन्हीकडून हरकत नाही, असं लेखी ठरलं.

श्रावणापर्यंत जुई खिडकीतून दिसण्याइतकी भिंतीवर चढली होती. शालनबाई सकाळी मागच्या दारानं बाहेर पडायच्या त्या कुकरची शिट्टी झाली तरच आत यायच्या. काठी बहुतेक वेळा ओट्याला टेकवलेली असायची आणि शालनबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असायच्या. हेंद्रे हाक मारायचे, "काठी विसरलीस!" आणि पालकाच्या मागून उत्तर यायचं, "राहू द्या तिथंच!"

दर गुरुवारी बैठक होऊ लागली. हेंद्रे इतिवृत्त लिहायचे. अशाच एका गुरुवारी मेथीच्या ओट्याजवळ त्यांना एक वीतभर रोप दिसलं. ते कुणी लावलं नव्हतं. बहुधा एखाद्या पक्ष्यानं बी टाकलं असावं. पपई होती.

"आपण घर बघायला कधी आलात?" हेंद्रेंनी वही उघडून विचारलं.

"आले नाही."

"अर्ज?"

"केला नाही."

हेंद्रेंनी लिंबोणीबाईंकडे पाहिलं, लिंबोणीबाईंनी कढीपत्त्याकडे. घर न बघताच येणाऱ्यांबद्दल नियमात काहीच नव्हतं. शालनबाई मात्र तोवर झारी घेऊन आल्याही होत्या.

"निदान एकदा फिरून तरी बघा," हेंद्रे पपईला म्हणाले. "ऊन आहे, नळ जवळ आहे, वाट चार फुटांची आहे."

"घर मग बघेन," पपई म्हणाली. "आधी जरा वाढते."

हेंद्रेंनी तेही लिहून घेतलं.