थांबा, येऊन राह्यलं

आमच्या साखरखेर्ड्यात कॉम्प्युटरची सगळ्यात जास्त माहिती ज्या माणसाला होती, त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कॉम्प्युटरचा डबा होता. ते उभं पांढरं खोकं असतं ना, तेवढंच. आतून साफ रिकामं. प्रल्हादभाऊंच्या कृषी केंद्रात, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणि फवारणीचे पंप यांच्या मधोमध ते काउंटरवर बसवलेलं असे. वर क्रोशाचा रुमाल. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली की खोक्यालाही हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. मी एकदा न राहवून म्हणालो, "प्रल्हादभाऊ, आत तर काहीच नाही."

"मंदिर आधी बांधतात सर, मूर्ती मागून येते," ते शांतपणे म्हणाले. "थांबा. येऊन राह्यलं."

काय येऊन राह्यलं? तर नवीन प्रोसेसर. तो कायमच सहा महिन्यांवर असे. आज घेतलं तर सहा महिन्यांनी जुनं होणार, मग घ्यायचं कशाला, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. सहा महिन्यांनी तो प्रोसेसर खरोखर बाजारात येई, तोवर मासिकात त्याच्याही पुढच्याची कुणकुण लागलेली असे. असा हा गृहस्थ कित्येक वर्षं उंबऱ्यावर उभा होता, आत काही जात नव्हता.

त्यांनी स्वतः थांबावं, माझी ना नव्हती. पण आमच्या हायस्कुलाला एका कॉम्प्युटरची मंजुरी आली आणि खरेदीचं काम माझ्या गळ्यात पडलं. हेडमास्तर म्हणाले, "घेण्याआधी प्रल्हादभाऊंना एकदा विचारा." तिथेच घात झाला. पहिल्या वर्षी ते म्हणाले, थांबा. दुसऱ्या वर्षी म्हणाले, आता तर मुळीच घेऊ नका. आम्ही एक खोली रंगवून ठेवली होती, दारावर 'कॉम्प्युटर कक्ष, चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. मुलं शिस्तीत चपला काढून आत जात, रिकामं टेबल बघून परत येत. तपासणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा बूट काढले होते.

प्रल्हादभाऊंच्या माहितीचे झरे दोन. एक इंग्रजी मासिक, जे मेहकरहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर यायचं आणि ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. दुसरा झरा म्हणजे दर रविवारी दुपारी एक वाजता दुकानातल्या टीव्हीवर केबलनं लागणारा हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा. त्यात यानं, यंत्रमानव, परग्रहावरचे लोक असलेच पाहिजेत. नसले तर त्याला ते सिनेमा म्हणत नसत, 'फॅमिली' म्हणत. हे दोन्ही झरे डोक्यात शिरले की एक होऊन जात. मधे भिंत अशी नव्हतीच.

"सर, आता डिस्क नखाएवढी येऊन राह्यली. पाण्यानं थंड होणारा प्रोसेसर येऊन राह्यला. अन एक तर असा, की आपण मनात आणलं का हा बटन दाबायच्या आधीच काम करते. फक्त कानामागं एक भोक पाडा लागते."

यातलं वाचलेलं किती आणि पाहिलेलं किती, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी सगळ्यालाच हसायचो. पुढे नखाएवढी डिस्क माझ्याच खिशात आली तेव्हा थोडा शरमलो. कानामागचं भोक अजून आलेलं नाही, पण आता मी पैज लावत नाही.

बियाण्याच्या बाबतीत मात्र हाच माणूस थांबा म्हणत नसे, कारण पेरणी कुणासाठी थांबत नाही. बीटी कपाशी नवी नवी होती तेव्हा लोक रांगा लावून पाकिटं नेत. यंदा अमुक वाण येणार, त्याला अळी शिवतच नाही, तमक्या गावात बोंड लिंबाएवढं झालं, अशा अफवा एसटीपेक्षा जोरात धावत. काउंटरच्या अलीकडे त्या अफवा आणि पलीकडे प्रोसेसरच्या. प्रल्हादभाऊ गिऱ्हाइकाला बजावत, "पहिल्या मॉडेलवर सगळं वावर सोडू नका. दोन एकर तूर-ज्वारी राहू द्या. बॅकअप पाहिजे, बॅकअप!"

हा शब्द गावाला इतका आवडला की म्हाताऱ्या बायकासुद्धा तूर-ज्वारी निंदायची राहिली की 'आमचा बॅकअप निंदाचा राह्यला' म्हणू लागल्या. बीटीच्या डब्यात साध्या, बिगर-बीटी बियाण्याचं एक छोटं पाकीट येतं, शेताच्या कडेनं लावायचं. लोक ते फेकून द्यायचे. प्रल्हादभाऊ ते परत हातात कोंबत आणि यानाभोवती कवच कसं असतं, ते नसल्यामुळे कोणत्या सिनेमात कोण कसं जळून खाक झालं, हे सगळं सांगूनच गिऱ्हाईक सोडत. गिऱ्हाईक निदान सुटकेसाठी तरी ते पाकीट लावायचं.

आता खरी गोष्ट. सिनेमाचा एवढा नाद, पण प्रल्हादभाऊंनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. रविवारी बरोबर अडीचला आमची लाइट जायची. यान संकटात सापडलं, खिडकीला तडा गेला, की टीव्ही बंद. मेहकरला उलटं होतं. तिथे लाइट अडीचला यायची. आणि मेहकरला होते यूसुफभाई, टीव्ही दुरुस्त करणारे, प्रल्हादभाऊंचे तीस वर्षांचे दोस्त. ते रिकामं खोकंही त्यांनीच दिलेलं. त्यांना यानांचं तेवढंच वेड. फक्त त्यांनी कुठल्याच सिनेमाची सुरुवात पाहिली नव्हती.

मग दोघांनी वाटणी केली. पहिला अर्धा साखरखेर्ड्यानं पाहायचा, दुसरा मेहकरनं. सिनेमा संपला की चारच्या सुमाराला दुकानातला फोन वाजायचा. फोन जुना, पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू यायचा, त्यामुळे ऐकायला आम्ही पाच-सातजण बाकावर बसलेलो असायचोच. प्रल्हादभाऊ आपला अर्धा सांगत आणि शेवटी म्हणत, "हां यूसुफभाई, इथपर्यंत यान म्या आणलं. आता तुम्ही उतरवा."

आणि यूसुफभाई उतरवायचे. काय उतरवायचे! जन्म रंगीत टीव्हीच्या नळ्या जुळवण्यात गेलेला, त्यामुळे रंगाशिवाय वाक्य नाही. "वो जो किरन निकला ना भाऊ, मोरपंखी! अन राक्षसाचं रगत हिरवं, पर कैसा हिरवा, कच्च्या चिंचेसारखा." परग्रहावरचे लोक हिंदी कसं बोलतात, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नाही. उलट त्यांच्या तोंडी 'तबाही' आणि 'मनहूस' ऐकून यूसुफभाई खूश होत. उर्दू इतक्या लांब पोचली, याचा त्यांना अभिमान होता.

एकदा दोघांचे चॅनलच वेगळे निघाले. इकडे बर्फात अडकलेला यंत्रमानव, तिकडे शहर खाणाऱ्या मुंग्या. दोघांनी फोनवर अर्धा तास डोकं लावलं आणि यंत्रमानव थंडीनं फुटून त्याच्या मुंग्या झाल्या, असं ठरवलं. हा सिनेमा आमच्या गावानं महिनाभर एकमेकांना सांगितला. चूक कळल्यावर प्रल्हादभाऊ म्हणाले, "असा पिक्चर पुन्हा नाही होणार."

मग ते साल आलं. कपाशीवर लाल्या पडला. पानं तांबडी होऊन वाळली, बोंडं सुपारीएवढीच राहिली. दुकानात लोक यायचे ते काही घ्यायला नाही, नुसतं बसायला. घरी बसवत नव्हतं. प्रल्हादभाऊ पंख्याखाली बाक सरकवून देत आणि आधीच्या एखाद्या रविवारचा अर्धा सिनेमा सुरू करत. रंगात आला की थांबत.

"मंग पुढं काय झालं भाऊ?"

"शेवट म्या नाही सांगत. ते यूसुफभाई सांगतीन. रविवारी या."

लोक खरंच रविवारी यायचे. ज्यांचा बॅकअप पिकला होता, ते शेजाऱ्यासाठी पिशवीभर ज्वारीही घेऊन यायचे. त्या हिवाळ्यात गावात सगळ्यात जास्त गर्दी असलेली जागा म्हणजे ते बाक.

आणि त्या हिवाळ्यात यूसुफभाईंची यानं सारखी सुखरूप उतरत होती. राक्षस मरत, माणसं घरी पोचत, आया लेकरांना जवळ घेत. आम्हाला बरं वाटायचं. फारसा विचार आम्ही केला नाही.

फेब्रुवारीत शाळेला शेवटचा निरोप आला, कॉम्प्युटर घ्या नाहीतर मंजुरी रद्द. रविवार होता, उन्हाळ्यासारखं ऊन पडलं होतं. बाकावरची मंडळी एका लग्नाला दुसरबीडला गेली होती. मी तीनच्या सुमाराला दुकान गाठलं, आज 'थांबा' ऐकून घ्यायचं नाही असं ठरवून. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो. गावात लाइट नव्हती आणि प्रल्हादभाऊंचा पंखा फिरत होता. टीव्ही चालू होता. काउंटरखाली नवाकोरा इन्व्हर्टर घुमत होता.

मी फसवला गेल्यासारखा उभा राहिलो. इतक्या लोकांना बाकावर ताटकळत ठेवून हा माणूस शेवट पाहतो? आणि कॉम्प्युटरसाठी वर्षानुवर्षं थांबणाऱ्यानं हा इन्व्हर्टर मात्र न थांबता घेतला?

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "बसा सर. बोलू नका."

आम्ही शेवट पाहिला. वाईट होता. यान जळालं. एकटा कप्तान वर राहिला, खिडकीतून निळी पृथ्वी लहान लहान होत गेली, आणि संपलं. चार वाजले. फोन वाजला. प्रल्हादभाऊंनी, जणू काही पाहिलंच नाही, अशा थाटात पहिला अर्धा सांगितला. "इथपर्यंत म्या आणलं. आता उतरवा."

पलीकडून यूसुफभाईंचा आवाज आला. यान उतरलं होतं. कप्तान घरी पोचला होता. त्याच्या बायकोनं दार उघडलं होतं.

"हाव? बापा रे! मंग?" प्रल्हादभाऊ म्हणत होते. त्यांचे डोळे मात्र बंद होते. मी मधेच हातानं विचारलं, हे काय? त्यांनी फोनवर तळहात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं.

"रंग सांगणं बंद झालं होतं त्याचं. म्हून दिवाळीत मेहकरले गेलतो. मले चहा ओतून देला त्यानं, कपाच्या बाहेर. तो काही बोलला नाही, म्या बी नाही. मंग त्याच्या पोरानं सांगितलं, शुगरनं डोळे जाऊन राह्यले, डॉक्टर म्हणतात आता काही होत नाही. पण प्रल्हादले कळू देऊ नका, असं अब्बा म्हणते." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "तो आवाजावरून पिक्चर जुळवून राह्यला सर. म्या खरा शेवट पाहतो, मंग त्याचा ऐकतो. जेवढा फरक, तेवढं त्याले कमी दिसून राह्यलं. दिवाळीत थोडासाच होता."

आज किती होता, ते विचारायची गरज नव्हती. शाळेच्या कॉम्प्युटरचं मी नावही काढलं नाही.

प्रल्हादभाऊंनी तळहात काढला. नेहमी ते एवढ्यावर फोन ठेवत. आज ठेवला नाही. एक हात त्या रिकाम्या खोक्यावर होता, रुमालाची सुरकुती सरळ करत.

"यूसुफभाई, एक ऐका. नवीन मशीन येऊन राह्यली. तिले कॅमेरा राहते. टीव्हीपुढं ठेवली का समोर जे दिसते ते सगळं बोलून सांगते. कोण आलं, कोण गेलं. रंगासकट."

इन्व्हर्टर घुमत होता. मग यूसुफभाई अगदी हळू बोलले.

"हिंदी में बोलेगी?"

"त्याच्यात उर्दू बी टाकून राह्यले."

"कब तक, भाऊ?"

"थांबा," प्रल्हादभाऊ म्हणाले. "येऊन राह्यलं."

हे त्यांनी मासिकात वाचलं होतं की सिनेमात पाहिलं होतं, ते मी विचारलं नाही.