पानं खिळवणारे धनराजनाना

धनराजनानांच्या जेवणाच्या टेबलावर आठ वस्तू सुतळीने बांधलेल्या आहेत. चष्मा, बॅटरी, पक्कड, रक्तदाबाच्या गोळ्या, मिठाची बरणी वगैरे. मीठ हवं असेल तर पाहुण्याने ताट घेऊन बरणीकडे जायचं. आधी वस्तू अकरा होत्या; मी मोजल्या होत्या. ताटांना जागा उरेना, तेव्हा वहिनींनी तीन सुतळ्या कापल्या.

"आता टेबलच वाढू का जेवायला?"

"बरोबर आहे तुझं," नाना म्हणाले. "बठ्ठंच बांधलं तर बाकीच्यांनी जायचं कुठं?"

लागेल ती वस्तू लागेल तेव्हा जागेवरच हवी, हा त्यांचा विक्षिप्तपणा नाही, शास्त्र आहे. जळगावच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, मी स्टॉक सांभाळतो, नाना यंत्रांमागची इलेक्ट्रॉनिक्स. कापसातला खडा लोखंडाला घासला की ठिणगी उडते आणि रुईत लपून पाइपातून पलीकडच्या हॉलमध्ये जाते. तिथे ढिगावर तीस बाया कचरा वेचत बसलेल्या असतात. म्हणून नानांनी पाइपाला इलेक्ट्रॉनिक डोळा बसवला आणि कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. डोळ्याला ठिणगी दिसली की एक झडप पडते आणि तेवढी रुई बाहेरच्या हौदात जाते. वेळ मिळतो सेकंदाचा तिसरा हिस्सा.

"भाऊ, प्रोग्रॅम म्हणजे पानं," नानांनी मला समजावलं. "मेमरी भरली की सिस्टीम काही पानं डिस्कवर टाकते. नेमकं तेच पान लागलं तर पेज फॉल्ट. पान परत येईस्तोवर प्रोग्रॅम उभा. ठिणगी थोडीच उभी राहते? म्हणून मी पानं मेमरीतच खिळवून टाकली."

चाचणीला पाइपापाशी शेठ आणि नाना होते, कॉम्प्युटरपाशी वही घेऊन मी. खऱ्या ठिणगीऐवजी पाइपात छोटा दिवा लुकलुकवायचा. वीस वेळा लुकलुकवला. एकोणीस वेळा झडप वेळेत पडली. सतराव्या वेळी उशिरा.

"पंच्याण्णव टक्के!" मी वहीत लिहिलं.

"झकास," शेठ म्हणाले. "सोमवारपासून चालू करू."

"नाही शेठ. त्या एका वेळी तीस बाया आत असतील."

"अहो नाना, सीझन तोंडावर आहे!"

"मग मला आत बसवा, बायांना घरी पाठवा."

शेठ चरफडले, पण थांबले. आठ दिवस नाना त्या एका चुकीमागे होते. मला रोज विचारायचे, "सतराव्या वेळी तुम्ही काय करत होता?" नवव्या दिवशी मी वही काढली. त्या मिनिटाला मी त्याच कॉम्प्युटरवर वर्षभराच्या स्टॉकचा रिपोर्ट काढत होतो.

नाना माझ्यावर भडकतील असं वाटलं. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "चूक माझी! सुरुवातीला होती तेवढीच पानं खिळवली मी. प्रोग्रॅमने नंतर नोंदीसाठी नवी पानं घेतली, ती मोकळीच राहिली. तुमच्या रिपोर्टला जागा लागली, सिस्टीमने त्यांतलं एक उचलून डिस्कवर टाकलं."

पुढे येणारी पानंही खिळवायची, एवढाच बदल त्यांनी केला. मग मला हुकूम दिला, "तीन वर्षांचा रिपोर्ट एकदम काढा!" रिपोर्ट घरघरत होता आणि दिवा लुकलुकत होता. चाळीस वेळा दिवा, चाळीस वेळा झडप. मी आकडा दोनदा तपासला. आमच्या जिनिंगची ही झडप आमच्याच माणसाने केली, हे मी आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

झडप चालू झाली आणि पहिल्याच रविवारी जादा पाळी होती. नाना भडगावहून एका म्हातारीला घेऊन आले. "ही माझी अक्का. मोठी बहीण." तिच्या दोन्ही मनगटांची कातडी आवळलेली, चकचकीत होती. आईवडील गेल्यावर तिने धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये रुई वेचून नानांना शिकवलं होतं. एक दिवस ढीग पेटला. तेव्हापासून तिने जिनिंगचं फाटक ओलांडलं नव्हतं. हे मला, पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला, त्या दिवशी कळलं.

हॉलच्या दारात ती थबकली. "आते भ्याव नही ना, धना?"

"नही अक्का. मी आठेच शे, दारात."

तिने चपला काढल्या, बायांच्या रांगेत जाऊन बसली आणि रुई हातात घेऊन कचरा वेचू लागली. बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. नाना मात्र तिच्या चपला हातात धरून दीड तास दारातच उभे होते.