धूपपात्र असावे

आमच्या संग्रहालयात शिरायला तिकीट लागतं आणि बाहेर पडायला परीक्षा. तिकीट मी देते. परीक्षा रणपिसे घेतात.

रणपिसे आमचे पहारेकरी. माझ्या खिडकीसमोरच शेवटचं दालन, त्याच्या दारात स्टूल टाकून बसतात. दार जुन्या पद्धतीचं, ठेंगणं. वाकल्याशिवाय सुटका नाही, आणि माणूस वाकला की रणपिसे विचारतात, "काय पाहिलंत?"

"छान आहे म्यूझियम."

"ते मी विचारलं नाही."

मग गणेशपट्टीवर काय कोरलंय, मोराच्या दिव्यात तेल कुठून घालतात, अशी सरबत्ती. उत्तर चुकलं की, "पुन्हा वर जाऊन या. जिना तिकडे आहे." हिंजवडीचे एक साहेब दोन परदेशी पाहुण्यांना घेऊन आले आणि वीस मिनिटांत तीन मजले उरकून निघाले. रणपिशांनी तिघांनाही परत वर धाडलं. पाहुणे खूश झाले, साहेबांची मीटिंग बुडाली.

शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला. कोपऱ्यात एक काळपट लाकडी पेला आहे, बुडाला चार भोकं. पाटीवर लिहिलंय, 'धूपपात्र असावे'. "आपल्याला काय वाटतं?" रणपिसे विचारतात. लोक पाटी वाचून धूपपात्र म्हणतात. "या आता," म्हणतात रणपिसे.

खरं तर त्यांना नोकरीची गरज नाही. धायरीची जमीन बिल्डरला गेली, ज्वारीच्या जागी इंग्रजी नावाची स्कीम उभी राहिली, तिच्यात त्यांचे दोन फ्लॅट आहेत. "घरी बसा की आता," मी एकदा म्हटलं.

"घरी बसून काय पाहू, बाई? पार्किंग?"

मग एका कॉम्प्युटर कंपनीने शेवटच्या दालनाचं नूतनीकरण करायचं कबूल केलं. तिथे मोठा स्क्रीन लागणार, आणि ज्यांचा उपयोग नक्की माहीत नाही अशा वस्तू महिनाअखेर गोदामात जाणार. यादीत पहिलंच नाव धूपपात्राचं.

त्या दिवशी रणपिसे खिडकीशी आले. "बाई, ते धूपपात्र नाही. चाडं आहे. मीच दिलंय इथे."

मी पेठेत वाढलेली, मला समजावूनच सांगावं लागलं. पेरणीच्या पाभरीवर हा पेला असतो. त्यात मुठीनं बी सोडायचं, ते खालच्या नळ्यांतून जमिनीत जातं.

"मग आपल्या क्युरेटरसाहेबांना सांगा ना."

"तीनदा सांगितलं. म्हणाले, दात्याची साक्ष धरता येत नाही. त्रयस्थ माणूस आणा, अभिप्रायाच्या वहीत लिहून घ्या."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं साक्षीदार शोधत होता, आणि मी त्याला खडूस म्हणत होते. बरं, शोधत कुठे होता? कोथिंबीर मंडईत उगवते असं मानणाऱ्या लोकांत.

शेवटच्या आठवड्यात एक आयटीतली मुलगी गावाकडच्या आजीला घेऊन आली. मुलगी मोबाइलवर. आजी कोपऱ्यात थबकल्या, दोरीवरून हात घातला आणि पेल्यावर मूठ धरून अंगठ्यानं नसलेलं बी सोडायला लागल्या. हात लावला म्हणून रणपिशांनी एका नगरसेविकेलाही झापलं होतं. ते उठले. म्हटलं, आजींचं आता काही खरं नाही.

"कुणाच्या घरचं चाडं म्हनायचं हे?" आजींनी विचारलं.

आमच्याशी कायम पुस्तकी बोलणारे रणपिसे म्हणाले, "माझ्या आईचं हाय."

"कड झिजलीया. लई पेरलंय तिनं."

रणपिसे वही घेऊन आले, पण आजींना लिहिता येत नव्हतं. नातीनं लिहिलं, 'हे चाडं आहे.' मी तिकिटाच्या शिक्क्याचं पॅड दिलं, आजींनी खाली अंगठा उठवला.

त्या दिवशी बाकीचे सगळे परीक्षेवाचून सुटले.

संध्याकाळी साहेबांनी वही पाहून यादीतलं पहिलं नाव खोडलं, आणि रणपिसे पुन्हा खिडकीशी. "बाई, नव्या पाटीवर दात्याचं नाव येईल?"

"येईल ना. तुमचंच."

"माझं नको. आईचं घाला. तिनं पेरलं, मी विकलं."

मी पेन उघडलं आणि त्यांच्या आईचं नाव विचारलं.